बारा मजली हॉस्टेल काढताय? मग आगीचं प्लॅनिंग असं करा

पुण्यात हॉस्टेल काढायचं म्हणताय? काढा की. लातूर, नांदेड, जळगावहून पोरं येतच असतात आणि डिपॉझिट भरताना जिना कुठे आहे ते कोणी बघत नाही. नावात 'लिव्हिंग' टाका, रिसेप्शनला बीन बॅग ठेवा, भाडं आपोआप वाढतं. राहता राहिला आगीचा प्रश्न. त्याचं मार्गदर्शन माझ्याकडून फुकट घ्या, कारण माझी मुलगी अशाच एका ठिकाणी अकराव्या मजल्यावर राहते आणि गेल्या रविवारी तिचा कूलर पोचवायला मी स्वतः गेलो होतो.

रेफ्यूज एरियापासून सुरुवात करा. इमारत 24 मीटरच्या वर गेली की अडकलेल्या माणसांना थांबता यावं म्हणून ही मोकळी जागा ठेवावी लागते, नकाशात दाखवावी लागते. दाखवा ना! अग्निशमन दलाची एनओसी (ना हरकत दाखला) हातात आली की तिथे जुन्या गाद्या आणि मोडक्या खुर्च्या रचा, मोकळी जागा डोळ्यात खुपते.

आग विझवायचे सिलिंडर काचेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली रेक्टर मॅडमकडे आणि मॅडम रविवारी सुट्टीवर.

फायर डोअर सारखं आपोआप बंद होतं, पोरांना त्रास होतो. वीस लिटरचा पाण्याचा जार टेकवून ते कायम उघडं ठेवा. धुराला जिन्यात शिरायला अडचण नको.

गच्चीला कुलूप. कारण सिगारेटी.

मुलींच्या खिडक्यांना जाळ्या, वेल्डिंग करून. दिल्लीत मुखर्जीनगरला 2023च्या जूनमध्ये मीटरपाशी आग लागली तेव्हा क्लासची पोरं खिडकीतून वायरी धरून खाली उतरली होती, सगळ्यांनी व्हिडिओ बघितलाय. असले प्रकार आपल्याकडे नकोत.

मॉक ड्रिल मात्र करा, फोटो लागतात. मुलीच्या फोनवर मेसेज बघितला, 'उद्या सकाळी 11 वाजता ड्रिल आहे, सर्वांनी वेळेत लिफ्टने खाली यावे.' लिफ्टने! बरं अकराला पोरं कॉलेजात, त्यामुळे फोटोत दोन वॉचमन, मेसचे काका आणि पोळ्या करणाऱ्या मावशी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जिन्याचं तळमजल्याचं दार. याला आतून कडी आणि बाहेरून कुलूप असं दोन्ही पाहिजे, म्हणजे रात्री कोणी पळत नाही आणि बाहेरचं कोणी येत नाही. येताना लिफ्ट चालू होती, परत निघालो तेव्हा बंद, म्हटलं चला जिन्याने. अकरा मजले, पायऱ्यांवर चपलांचे रॅक, सायकली, एका लँडिंगवर फ्रीज (तो तिथे चढवला कसा देव जाणे), मोबाईलचा टॉर्च लावून गुडघे सांभाळत खाली पोचलो तर दार बंद. कडी काढली, ढकललं, हलेना. ठोकलं. पलीकडून वॉचमन शांतपणे म्हणतो, काका, इकडून बंद असतं, लिफ्टने या ना. अरे लिफ्ट बंद आहे म्हणून तर इथे आलोय! मग म्हणाला पहिल्या मजल्यावर जा, तिथून रिसेप्शनला उतरा, तिथे बायोमेट्रिक आहे, बोट लावा. माझं बोट त्यांच्या मशीनमध्ये कुठून असणार? आणि बाहेर पडायला बोट लागतं हे डोकं कोणाचं? फायर अलार्म वाजला की असली कुलपं आपोआप सुटायला हवीत, मॅनेजरला विचारलं तर म्हणे अलार्म सध्या बंद ठेवलाय, पोरं वेफर्स खाऊन सुद्धा वाजवतात. वेफर्स!

आतून ढकललं की उघडणारं आणि बाहेरून न उघडणारं दार मिळतं, पुश बार म्हणतात, थिएटरमध्ये असतो. चोर येणार नाही, पोरगी जळणारही नाही. पण नाही, एक साखळी आणि एक कुलूप स्वस्त पडतं ना.

बास झालं आता मार्गदर्शन. 24 मे 2019ला सुरतेत तक्षशिला आर्केडमध्ये वरच्या मजल्यावर क्लास चालू होता, आग लागली, खाली यायचा लाकडी जिना जळाला, पोरांनी वरून उड्या टाकल्या. 22 गेली. क्लासला गेलेली पोरं होती ती. तुमच्याकडे तर ती झोपतात, रात्री, बाराव्या मजल्यावर, दाराला कुलूप लावून. महाराष्ट्रात आगीपासून सुरक्षेचा 2006चा कायदा आहे, दर जानेवारीत आणि जुलैत लायसन्सवाल्या एजन्सीकडून आग विझवायची यंत्रणा तपासून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा नीट चालते असा दाखला, द्यावा लागतो. तुमचा कुठाय? मी मागितला तर 'ऑफिसला मेल करा' म्हणालात. लाज वाटत नाही? मेल केलाय, आता अग्निशमन दलालाही करतोय, फोटोंसकट. आणि पालकांनो, तुम्ही आम्ही मेसमध्ये पनीर आठवड्यातून कितीदा हे खोदून खोदून विचारतो, पुढच्या वेळी भेटायला जाल तेव्हा जिन्याने उतरा आणि खालचं दार ढकलून बघा. नाही उघडलं तर रेक्टरला तिथेच बोलवा, कुलूप निघेपर्यंत हलू नका.