शूऽऽ केलं की हवा गेली?

आज शेजारच्या मावशींकडे नवा स्प्लिट एसी बसवायला दोन पोरं आली होती. मी चहाचा कप घेऊन दारात उभा. तांब्याचे पाईप जोडले, ॲलन की लावून आऊटडोअरचा व्हॉल्व जरासा उघडला, दुसऱ्या पाईपचा नट सैल केला. आतल्या गॅसच्या जोराने पाईपमधली हवा बाहेर. शूऽऽ. दहा सेकंद. "झालं साहेब, हवा गेली."

डोकंच फिरलं माझं.

तीन वर्षांपूर्वी बाबांच्या खोलीत अगदी हाच शूऽऽ झाला होता. तेव्हा मी विचारलंसुद्धा होतं, पाईपमधली हवा ओढून काढणारा व्हॅक्यूम पंप कुठाय? "घरच्या एसीला लागत नाही हो." आणि मी शहाण्याने मान डोलावली!

आपल्याकडची हवा म्हणजे अर्धं पाणीच. जूनमध्ये बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, कपाटात टांगलेल्या पट्ट्याला बुरशी येते. तीच हवा पाईपमध्ये. गॅस सोडून हवा ढकलली जाईल एक वेळ, पण आत चिकटलेली ओल? एसीत आर-३२ नावाचा गॅस असतो, त्याच्या कॉम्प्रेसरमधलं तेल पाणी शोषून घेतं, पुढे त्याचं आम्ल होतं आणि ते आतून खात बसतं. पंप दाब इतका खाली नेतो की पाणी खोलीतल्या उष्णतेवरच उकळतं आणि वाफ होऊन बाहेर पडतं. दाब ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे इतका कमी दाब मोजायचं माप) न्यायचा, पंप बंद करून वेगळा करायचा, दहा मिनिटं गेजकडे बघत बसायचं. आकडा चढतच राहिला तर आत ओल तरी आहे किंवा गळती तरी. शूऽऽ मध्ये हे कधी कळणार? वर आर-३२ पेट घेऊ शकतो, तो खुशाल घरात सोडायचा!

हो, शूऽऽ वर बसवलेले एसी वर्षानुवर्षं चालतातही. चालत असतील.

बाबांचा नाही चालला. दुसऱ्या उन्हाळ्यात गारवा कमी, तिसऱ्या मे महिन्यात कॉम्प्रेसर बसला. मेकॅनिकने तेल बोटावर घेऊन दाखवलं. काळं, करपट आंबूस वास. त्या आठवड्यात रात्री दोनला बाबा सोप्यावर बसलेले, मानेवर ओला पंचा. "वारा आहे रे इथे," म्हणाले. माडाचं पातं हलत नव्हतं.

त्या पोरांवर ओरडलो, मग वाईट वाटलं. दिवसाला चार घरं, पैसे नगावर, स्कूटरवर शिडी बांधून फिरतात. धाकट्याला विचारलं तर म्हणाला, पंप दुकानात आहे, एकच, तो मोठ्या कामांना जातो. मोठी कामं म्हणजे हॉटेलं! मावशींनी पेन्शनीतून साठवलेले पैसे ते छोटं काम. "मोफत इन्स्टॉलेशन" अशी पाटी लावणाऱ्या त्या दुकानदाराला खरं तर जाब विचारायचा.

फोन लावला. आधी "तुम्ही इंजिनियर काय?" मग आवाज उतरला. व्हॉल्व पूर्ण उघडू दिला नाही मी, काम तिथेच थांबवलंय. मावशी आज रात्री पंख्याखाली झोपणार, माझ्यावर थोड्या रागावल्यात. उद्या दहाला पंप येतोय म्हणे. मी हाफ-डे टाकलाय.