पालखीवाला, जुनी गिरणी आणि लेस्टरचा रहिवासी

सोलापुरातल्या माझ्या शाळासोबत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर नानी पालखीवालांवरून जुंपली आहे. एका मित्राने लिहिले की हा माणूस बँकांचा, संस्थानिकांचा आणि मठाधिपतींचा वकील होता, गरिबांसाठी कायदे करणाऱ्या संसदेला त्याने १९७३ साली न्यायालयाच्या दावणीला बांधले, आणि इंग्लंडात हे कधी चालले नसते, कारण तिथे संसद सर्वोच्च आहे. या शेवटच्या वाक्याखाली अंगठ्यांची रांग लागली. मी इंग्लंडात राहतो हे त्या सर्वांना ठाऊक आहे. तरी मला कोणी काही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर राग आधी त्याचाच आला.

मित्राच्या म्हणण्यातला पहिला भाग खोटा नाही. १९७० साली चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा कायदा न्यायालयात पडला तो पालखीवालांच्या युक्तिवादावर, आणि त्याच वर्षी संस्थानिकांच्या बाजूनेही तेच उभे होते. परंतु मालमत्तेचा हा झगडा मुंबई-दिल्लीच्या बड्या लोकांनी उकरून काढला, असे निदान सोलापूरकराने तरी म्हणू नये. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी गिरणी, ऑगस्ट १९४९ मध्ये बंद पडली आणि जानेवारी १९५० मध्ये सरकारने वटहुकूम काढून तिचा ताबा घेतला. त्याविरुद्ध एक भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तीन विरुद्ध दोन मतांनी हरला. दुसरा गेला, तो डिसेंबर १९५३ मध्ये जिंकला. १९५५ ची चौथी घटनादुरुस्ती ज्या निकालांमुळे करावी लागली, त्यांत आपल्या गिरणीचा हा निकाल होता. न्यायालयाने अडवायचे आणि संसदेने घटनाच बदलायची, ही चढाओढ तेव्हापासूनची.

केरळच्या जमीन कायद्यांविरुद्ध तिथल्या एका मठाधिपतींनी लढवलेल्या केशवानंद भारती खटल्यात ती टोकाला गेली. समोर केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सीरवाईंसारखा तोलामोलाचा घटनातज्ज्ञ होता आणि पीठावर तेरा न्यायमूर्ती होते. घटना बदलण्याच्या अधिकारात घटना मोडण्याचा अधिकार येतो का, उद्या संसदेने स्वतःची मुदत हवी तितकी वाढवून घेतली तर काय, हा पालखीवालांचा प्रश्न होता. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निकाल लागला: संसद घटना बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. माझे मित्र इथवरच वाचतात. ज्या जमीन कायद्यांविरुद्ध मठाधिपती आले होते, त्यांना संरक्षण देणारी २९वी घटनादुरुस्ती न्यायालयाने वैध ठरवली. पुढे १९७८ च्या ४४व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्कच काढून टाकला आणि मूलभूत चौकट त्याच्या आड आली नाही. म्हणजे ‘श्रीमंतांच्या वकिला’ने मिळवलेल्या निकालातून श्रीमंतांची मालमत्ता गळून पडली आणि संसदेवरची मर्यादा तेवढी राहिली. ती कोणाच्या कामी आली? पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवणारी तरतूद नोव्हेंबर १९७५ मध्ये याच चौकटीच्या आधारे रद्द झाली. त्याच निवडणूक प्रकरणात जूनमध्ये इंदिरा गांधींची बाजू मांडणारे पालखीवाला आणीबाणी जाहीर होताच वकीलपत्र परत करून मोकळे झाले होते. इतका मोठा पक्षकार असा सोडणारे वकील मला तरी फार ठाऊक नाहीत.

आता इंग्लंडकडे वळतो. रवांडा हा आश्रय मागणाऱ्यांना पाठवण्याजोगा सुरक्षित देश नाही, असा निर्णय इथल्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एकमताने दिला. एप्रिल २०२४ मध्ये संसदेने कायदा करून तो देश सुरक्षित असल्याचे ठरवून टाकले. पुढे सरकार बदलले आणि योजना गुंडाळली गेली, हे मित्र सांगतीलच. पण तोवर कायदा कायदाच होता. शिवाय ज्याने माझ्यासारखे ब्रिटिश नागरिकत्व मागून घेतले आहे, त्याच्याकडून ते कोणत्या परिस्थितीत काढून घेता येईल, याचे नियम गेल्या काही वर्षांत कडक होत गेले आहेत. मी काउन्सिल टॅक्स वेळेवर भरतो, माझा खासदार ‘सर्जरी’त, म्हणजे मतदारांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेत, भेटतो आणि पत्राला उत्तर देतो. नळाला चार-चार दिवस पाणी न येणाऱ्या गावातून मला इंग्लंडच्या लोकशाहीचे धडे मिळावेत, याची मला गंमत वाटते. परंतु इथे माझ्यासारख्याची भिस्त बहुमताच्या भलेपणावर आहे, चौकटीवर नाही, हे मी गटावर लिहिले.

उत्तर तासाभरात आले. “तुझा आज्जा जुन्या गिरणीत साळखात्यात होता की बे. सरकारनं गिरणी घेतली म्हणून पगार चालू झाला. तो असता तर कोणाच्या बाजूनं बोलला असता?”

याला मी अजून उत्तर दिलेले नाही. आजोबा सरकारच्याच बाजूने बोलले असते. भागधारकाच्या हक्काशी त्यांना काय देणेघेणे? त्या पगारावर माझे वडील शिकले आणि त्या शिक्षणाच्या जोरावर मी इथे आलो. मात्र आणखी एक गोष्ट मित्राला सुचली नाही, ती मीच लिहून ठेवतो. लेस्टरच्या टाउन हॉलमध्ये राजनिष्ठेची शपथ घेऊन मी भारताचा पासपोर्ट परत केला. ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसाला मिळणाऱ्या कार्डावर, मी गड्ड्याच्या जत्रेला सोलापुरात येतो, तेव्हा समानता आणि जीवित-स्वातंत्र्य देणाऱ्या घटनेच्या १४ आणि २१ या कलमांचे संरक्षण मला असते, कारण ते कोणाही व्यक्तीला आहे. १९व्या कलमातले भाषणस्वातंत्र्य फक्त नागरिकांचे आहे आणि ते मी स्वतःच्या सहीने सोडले आहे. ज्या घटनेसाठी मी रात्री जागून मित्रांशी भांडतो, तिच्यावर त्यांचा हक्क माझ्याहून अधिक आहे. पालखीवालांविषयीचे माझे मत त्यामुळे बदलत नाही, पण यापुढे गटावर ‘आपली घटना’ असे लिहिताना माझा हात अडखळेल.