‘इंजेक्शनाने दात पडतात’ या संदेशाला उत्तर

सोलापुरातल्या अनेक व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फिरणारा एक संदेश सांगतो की, वजन आणि मधुमेहासाठीची नवी इंजेक्शने दातांतले कॅल्शियम ओढून घेतात, त्यामुळे दात हलून पडतात, मधुमेहाच्या सगळ्याच गोळ्या हेच करतात, म्हणून औषध बंद करावे आणि तोंड कोरडे पडल्यास लिंबू चोखावे. हा सल्ला मानून कोणी औषध सोडले तर नुकसान खरोखर होईल, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासले पाहिजे.

कॅल्शियमचे विधान निराधार आहे. या इंजेक्शनांतली सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही औषधे आतड्यातील संप्रेरकांसारखे काम करून भूक कमी करतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतात. दाताच्या एनॅमलमधून, म्हणजे बाहेरच्या कठीण आवरणातून, कॅल्शियम काढून घेण्याचा कोणताही मार्ग त्यांच्याकडे नाही. एनॅमल विरघळते ते तोंडातील आम्लामुळे, पीएच (आम्लता मोजण्याचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) सुमारे ५.५ च्या खाली गेल्यावर. संदेशातला खरा भाग येथेच आहे, कारण या औषधांनी काहींना, विशेषतः डोस वाढवताना, मळमळ, उलट्या आणि आंबट ढेकर येतात, आणि वारंवार तोंडात येणारे जठरातील तीव्र आम्ल वरच्या दातांची आतली बाजू झिजवते. उलटीनंतर लगेच ब्रश केल्यास मऊ झालेला थर अधिक घासला जातो. म्हणून आधी साध्या किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्ध्या तासाने फ्लोराइडयुक्त पेस्टने ब्रश करावा.

तोंड कोरडे पडते हेही काहींच्या बाबतीत खरे आहे. भुकेबरोबर तहानही कमी लागते, आणि ज्या शहरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो तेथे पाणी कमी पिणे लाळेला परवडत नाही. लाळच आम्ल धुऊन काढते आणि एनॅमलला खनिजे परत देते. शिवाय कोरड्या तोंडाने कडक भाकरी आणि शेंगाचटणी चावणे जड जाते, आणि जेवणाऐवजी गोड चहा-बिस्किटावर भागवण्याची सवय लागली तर दात किडण्यास ती पुरेशी असते. अशा तोंडात लिंबू चोखणे म्हणजे झिजणाऱ्या दातांवर आणखी आम्ल ओतणे होय. दिवसभर घोट घोट पाणी पिणे आणि साखरविरहित च्युइंगम चघळणे, हा त्यापेक्षा कितीतरी योग्य उपाय आहे.

सगळ्या गोळ्या एकाच मापाने मोजणेही चूक आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीने काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते आणि दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊन जीभ लाल, गुळगुळीत होऊ शकते व तिची आग होऊ शकते. डॅपाग्लिफ्लोझिन या दुसऱ्या गोळीमुळे लघवी वाढते, म्हणून पाणी पुरेसे न प्यायल्यास तोंड सुकते. यांपैकी कोणतेही औषध दात हलवत नाही.

दात हलवते ते मुख्यतः हिरड्यांचे जुने दुखणे, आणि साखर अनियंत्रित राहिली की ते बळावते: हिरड्या सुजतात, पू येतो, दाताला धरून ठेवणारे हाड झिजते. म्हणजे औषध बंद करण्याचा सल्ला नेमका त्याच संकटाकडे नेतो ज्याची भीती तो दाखवतो. त्यात मिश्री किंवा मावा यांची सवय असेल तर हिरड्यांची हानी आणखी वाढते. उलट हिरड्यांवर नीट उपचार झाले, तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी रक्तशर्करा दाखवणारा आकडा) थोडे का होईना खाली येते, असे अभ्यासांत दिसले आहे.

उलट्या थांबत नसतील तर औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे, कारण डोस कमी करता येतो किंवा अधिक सावकाश वाढवता येतो. दंतवैद्यांनाही या इंजेक्शनाचे नाव आवर्जून सांगावे, विशेषतः गुंगीचे औषध देऊन उपचार होणार असतील तर, कारण उपाशी राहूनही जठरात अन्न शिल्लक असू शकते.