सरकारला माल पुरवायचाय? दर भरण्याआधी बिलाचा विचार करा

ओळख असल्याशिवाय सरकारी ऑर्डर मिळत नाही, असं आमच्या औद्योगिक वसाहतीत अजूनही कुणी ना कुणी सांगतं. मी लोखंडी कपाटं आणि शाळेचे बाक बनवतो, सरकारी कार्यालयांना पुरवतो. माझं मत ठाम आहे: ऑर्डर मिळवणं सोपं, बिल निघेपर्यंत तग धरणं अवघड.

सुरुवात उद्यम नोंदणीने, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीने करा. आधार आणि पॅनवर ती फुकट होते, त्यासाठी एजंटला एक रुपयाही देऊ नका. केंद्राची खरेदी २०१६ पासून जेम या सरकारी ऑनलाइन बाजारावर चालते. राज्याच्या निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर येतात, तिथे डिजिटल सही लागते.

निविदा मात्र शेवटच्या पानापर्यंत वाचा. कागदपत्रांच्या तांत्रिक लिफाफ्यात एक दाखला कमी पडला तर तुमचा दर कितीही चांगला असो, दराचा लिफाफा उघडलाच जात नाही. निविदेत बदल करणारं शुद्धिपत्रक निघालंय का तेही पाहत राहा. उलाढालीची अट अवाजवी वाटली किंवा तपशील एकाच कंपनीच्या मालावर बेतलेला दिसला, तर निविदापूर्व बैठकीतच लेखी हरकत घ्या. लिफाफे उघडल्यावर केलेल्या तक्रारीला फारसं वजन राहत नाही.

केंद्राच्या २०१२ च्या धोरणानुसार मंत्रालयांनी आणि सरकारी कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतला किमान २५ टक्के वाटा सूक्ष्म-लघु उद्योगांकडून घ्यायचा असतो. त्यात ३ टक्के महिला उद्योजकांचा, ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचा. ३५८ वस्तू तर फक्त आपल्यासाठी राखीव आहेत. निविदेसोबत भरायची बयाणा रक्कमही माफ. पण हे स्वतः माल बनवणाऱ्यांना आणि सेवा देणाऱ्यांना, नुसत्या व्यापाऱ्यांना नाही. आणि बयाणा माफ झाला म्हणजे ऑर्डरनंतरची सुरक्षा अनामतही माफ झाली, असं समजू नका.

आता पैशांचं. माल पोचतो, पोच मिळते, आणि मग ‘निधी आलेला नाही’ हे उत्तर सुरू होतं. पत्र्याचे पैसे, पगार, बँकेचं व्याज कुणासाठी थांबत नाही. चांगले कारागीर असलेली युनिटं याच टप्प्यावर बसलेली मी पाहिली आहेत, आणि त्याचा मला मनापासून राग येतो. म्हणून दर भरताना काही महिन्यांचं व्याज त्यात धरा. तसं धरून दर बसत नसेल तर ती निविदा सोडून द्या.

२००६ चा एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योगांचा कायदा आपल्या बाजूने आहे. लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे पैसे थकवता येत नाहीत. थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन करता येते, ती थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या सुविधा परिषदेकडे जाते. परिषदेच्या निवाड्याला खरेदीदाराने कोर्टात आव्हान द्यायचं म्हटलं तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. एवढं असून आपले बहुतेक लोक तक्रार करत नाहीत, पुढची ऑर्डर जाईल या धास्तीने. ही धास्ती मला समजते, पण पटत नाही. निदान प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा आणि ४५ दिवस उलटले की लेखी स्मरणपत्र द्या, त्याची पोच घ्या.

खरेदी विभागात काम करणारे कुणी हे वाचत असतील तर एक विनंती. या खरेदीसाठी निधी हातात आहे की यायचा आहे, एवढं निविदेतच स्पष्ट लिहा. मग उतरायचं की नाही, ते आम्ही आमच्या ताकदीप्रमाणे ठरवू.