सेन्सरच्या लेखावरील प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

शहरातल्या तापमान-सेन्सरच्या जाळ्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "मुंबईत कुलाबा आणि सांताक्रूझला वेधशाळा असताना गल्लोगल्ली स्वस्त सेन्सर टांगणं हा हौशी पोरखेळ आहे." मतभेद असू देत. पण भर उन्हात शिडीवर चढून ज्यांनी ही यंत्रं बसवली, त्यांची अशी संभावना करायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? पंख्याखाली बसून हे लिहायला काही लागत नाही.

आता वेधशाळांचं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. शहर एकच, दिवस एकच. दादरला, कुर्ल्याला किती पडला, ते या दोन आकड्यांवरून सांगून दाखवा. तापमानाचंही तेच. वेधशाळेचा तापमापक मोकळ्या जागेत, पांढऱ्या फटींच्या पेटीत असतो आणि तो तिथेच असायला हवा. पण पत्र्याच्या छपरांच्या गल्लीत माणसं ज्या हवेत झोपतात, तिच्याबद्दल तो काय सांगणार? काँक्रीट दिवसभर तापतं आणि ती उष्णता रात्री सोडत राहतं, म्हणून दाट वस्ती आणि मोकळं मैदान यांतला फरक रात्री जास्त दिसतो.

"स्वस्त" म्हणून नाक मुरडलंत. मी उभी नोकरी कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात, म्हणजे मोजमापाची यंत्रं प्रमाणित यंत्राशी ताडून बघण्यात, काढली आहे. तापमापक कुठे चुकतो हे मला शिकवू नका. सेन्सरची चिप सहसा ठीक असते, फसवतं ते ऊन. म्हणून एकावर एक तबकड्यांचं पांढरं कवच, भिंतीपासून लांब दांडा, बसवण्याआधी सगळे सेन्सर एका खोलीत प्रमाणित तापमापकाशेजारी ठेवून काढलेला फरक, आणि तुलना फक्त रात्रीच्या आकड्यांची. मूळ नोंद आम्ही कधीच खोडत नाही. दुरुस्त आकडा शेजारच्या रकान्यात जातो, संशयास्पद नोंदीपुढे खूण होते. हे सगळं लेखात आहे. वाचलंत का?

आलेखातले रंग मोबाइलवर ओळखू येत नाहीत, हे तुमचं म्हणणं मान्य, बदलतो. पावसाळ्यात नेट गेल्यावर नोंदींत पडणारे खंड आणि पाच वर्षांनी ही यंत्रं कोण सांभाळणार, हे प्रश्न प्रत्येक जाळ्याला असतात, त्यात नवीन काही नाही.

कच्च्या नोंदींची फाइल लेखाखालीच आहे. एका रात्रीचे आकडे स्वतः लावून बघा. चूक सापडली तर तारीख-वेळ देऊन लिहा, त्याला नक्की उत्तर देईन. या सुरातल्या प्रतिक्रियेला पुन्हा देणार नाही.