सहा सेकंदांचं भूत आणि आठचा फॉन्ट

"मावशी, सीव्ही बसवला बघ एका पानात!" असा मेसेज आणि सोबत पीडीएफ. उघडली, चष्मा चढवला, तरी वाचता येईना. फॉन्ट आठचा. समास इतके अरुंद की प्रिंट काढली तर कडेची अक्षरं जाणार. भाचीने बारा वर्षं औषधांच्या गोदामात स्टॉक सांभाळलाय. जुन्या सीव्हीत एक ओळ होती: "आधी संपणारा माल आधी बाहेर काढण्याची पद्धत घालून मुदतबाह्य माल वर्षाला साठ खोक्यांवरून नऊवर आणला." आता तिथे उरलंय: "स्टॉक सांभाळणे."

हा पराक्रम कशामुळे, तर तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल अशा एका मेसेजमुळे. त्याचा सारांश असा: सीव्ही एकाच पानाचा हवा, अनुभव कितीही असो. एचआरवाले फक्त सहा सेकंद बघतात. दुसरं पान दिसलं की सीव्ही कचऱ्यात. अर्ज चाळणारं सॉफ्टवेअर तर दोन पानी सीव्ही परस्पर बाद करतं. म्हणून फॉन्ट लहान करा, पण पान वाढवू नका.

सहा सेकंदांपासूनच सुरुवात करू, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. हा आकडा हवेतून आलेला नाही, एवढं मान्य. 'द लॅडर्स' या अमेरिकी नोकरीविषयक वेबसाइटने २०१२ मध्ये ३० रिक्रूटरांवर, म्हणजे कंपन्यांसाठी माणसं निवडणाऱ्यांवर, दहा आठवडे प्रयोग केला. वाचताना नजर कुठे फिरते ते यंत्राने टिपलं. हा उमेदवार चालेल की नाही, हा पहिला कौल साधारण सहा सेकंदांत लागतो, असं त्यात निघालं. २०१८ मध्ये त्यांनीच पुन्हा मोजलं, तेव्हा ७.४ सेकंद भरले. तीसच माणसं, आणि मोजणारी कंपनी स्वतः सीव्ही लिहून देण्याचा धंदा करणारी, हे लक्षात ठेवलेलं बरं.

पण मेसेज लिहिणाऱ्याने तो अहवाल उघडून तरी बघायचा! त्या सेकंदांतला बहुतेक वेळ नजर ठरावीक जागी जात होती: नाव, आत्ताचं पद आणि कंपनी, त्याआधीचं पद आणि कंपनी, दोन्हींच्या तारखा, शिक्षण. म्हणजे या गोष्टी पहिल्या पानावर, वरच्या भागात, चटकन सापडतील अशा हव्यात. आणि सहा सेकंद हा पहिल्या चाळणीचा वेळ आहे. त्यातून जो सुटतो त्याचा सीव्ही पुढे नीट वाचला जातो, मुलाखतीत समोर ठेवून त्यावर प्रश्न विचारले जातात. तिथे "स्टॉक सांभाळणे" यावर कोण काय विचारणार?

आता गंमत बघा. सहाच सेकंद मिळतात म्हणायचं आणि त्याच सहा सेकंदांसाठी मुंग्यांच्या रांगेसारखी अक्षरं द्यायची. मी स्वतः बरीच वर्षं अर्ज चाळलेत. दुसरं पान आहे म्हणून अर्ज बाजूला टाकल्याचं मला एकदाही आठवत नाही. वाचवेना म्हणून टाकलेत, आणि त्याची खंतही नाही.

सॉफ्टवेअरचं म्हणाल तर ते सीव्हीतला मजकूर उपसून नाव, अनुभव, शिक्षण अशा रकान्यांत भरतं. पानं किती आहेत याच्याशी त्याला सहसा देणंघेणं नसतं. त्याचा गोंधळ होतो तो दोन कॉलमच्या मांडणीने, चौकटींनी आणि चित्रात टाकलेल्या मजकुराने. म्हणजे पान वाचवायला लोक जे करतात नेमकं त्यानेच. अर्ज आपोआप बाद होतात हे खरं, पण ते बहुधा फॉर्ममधल्या "परवाना आहे का?" छापाच्या प्रश्नांवर. आणि हो, पांढऱ्या कागदावर पांढऱ्या अक्षरांत कीवर्ड, म्हणजे जाहिरातीतले नेमके शब्द, लपवायची युक्तीही त्याच मेसेजमध्ये होती. मजकूर उपसला की तो रंग उरत नाही, लबाडी तेवढी समोर येते.

"अनुभव कितीही असो" हे तर निव्वळ ठोकून दिलंय. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकऱ्यांसाठी चार-पाच पानी रेझ्युमे सर्रास चालायचे. सप्टेंबर २०२५ पासून तिथे कात्री लागली, तीसुद्धा दोन पानांवर. प्राध्यापकी किंवा संशोधनाच्या जागेसाठी शोधनिबंधांची यादीच कित्येक पानं खाते आणि ती मागितलेली असते. जाहिरातीत मर्यादा दिली असेल तर ती पाळायची, विषय संपला.

बरं, अर्धं सत्य देऊन टाकते. नुकताच शिकून बाहेर पडलेल्याला एक पान पुरतं. चार पानी बायोडाटाही मी पाहिलेत, त्यात शाळेतल्या धावण्याच्या शर्यतीचं दुसरं बक्षीस होतं. तिथे कात्री हवीच. आणि दुसऱ्या पानावर तीनच ओळी लोंबकळत असतील तर त्या वर ओढून घ्याव्यात.

भाचीचा सीव्ही आता पावणेदोन पानांचा आहे, फॉन्ट अकराचा. साठ खोकी परत आली, पहिल्या पानावर. "छंद : वाचन, संगीत" काढायला मात्र ती अजून तयार नाही.