वरचा सडा कुणाचा?

गेल्या महिन्यात आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाच दिवशी दोन मेसेज आले. सकाळी पुतण्यानं व्हिडिओ टाकला. उधाणाचं पाणी माडांच्या बागेतून थेट आमच्या खळ्यात आलेलं, तुळशीच्या पायाशी फेस, आणि मागून काकी ओरडतेय, "अरे, आधी मीटर बंद कर!" संध्याकाळी थोरल्या चुलतभावाचा मेसेज: सड्यावरच्या, म्हणजे गावामागच्या कातळाच्या पठारावरच्या, साडेचार एकरांना गिऱ्हाईक आलंय, भाव चांगला आहे, सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत तेव्हा सगळ्यांनी वेळेत सह्या द्याव्यात, परदेशात असलेल्यांनी कुलमुखत्यारपत्र पाठवावं.

दोन्हींवर भरपूर बोलणं झालं. व्हिडिओखाली बंधाऱ्याची चर्चा रंगली. दगडी हवा की टेट्रापॉडचा, म्हणजे चार पायांच्या काँक्रीट ठोकळ्यांचा, मालवणजवळच्या देवबागला घातला मग आपल्याला का नाही, निवेदन कुणाला द्यायचं. जमिनीच्या मेसेजखाली वेगळाच वाद. एकजण म्हणाला, कोकणी माणसानं जमीन विकायची नाही म्हणजे नाही. दुसऱ्यानं विचारलं, कातळावर गवतसुद्धा धड येत नाही, पोरं सगळी मुंबईला, ती पडीक ठेवून करायचं काय? या दोन चर्चांचा एकमेकींशी काही संबंध आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

मी अकरा वर्षं पॅसिफिक महासागरातल्या फिजीत, राजधानी सुवाला राहतो. मला तो संबंध दिसला, कारण इथल्या एका गावाची गोष्ट मला माहीत आहे. हे लिहितोय ते त्यासाठीच.

गावाचं नाव वुनिंदोंगोलोआ. वानुआ लेवु या उत्तरेकडच्या मोठ्या बेटावर, नातेवा उपसागराच्या काठी. हे गाव पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यालाच होतं. मासे, खोबरं, अळूसारखे कंद आणि कसावा यांवर जगणारं. मग उधाणाचं पाणी घरांत यायला लागलं. त्यांनीही आधी समुद्राला भिंत घातली. ती टिकली नाही. पाणी भिंतीवरून यायचं, कडेनं यायचं, आणि परत जाताना माती घेऊन जायचं. मळे खारट झाले. 2006 साली गावानं सरकारकडे जाऊन सांगितलं की आता आम्हाला इथून हलवा. प्रत्यक्ष हलायला जानेवारी 2014 उजाडला. दोन किलोमीटर आत, टेकडीच्या उतारावर तीस घरं बांधली गेली आणि दीडशेच्या आसपास माणसं तिथं राहायला गेली. बायबलमधल्या वचन दिलेल्या भूमीवरून नव्या जागेला त्यांनी नाव दिलं केनानी. हवामानबदलामुळे संपूर्ण हललेलं फिजीतलं हे पहिलं गाव. एकूण खर्च दहा लाख फिजी डॉलरच्या घरातला, आणि त्यातला सुमारे चौथा हिस्सा गावानं आपल्या जंगलातलं लाकूड देऊन उचलला.

मी तिथं गेलो दोन वर्षांपूर्वी. रिकाम्या हातानं जाता येत नाही. त्याच बेटावरच्या सावुसावु शहराच्या बाजारातून यांगोनाच्या मुळांची (यांचंच इथलं पेय करतात) जुडी घेतली, गावात शिरल्यावर प्रमुखासमोर मांडी घालून बसलो, जुडी पुढे ठेवली. त्यानं ती हातात घेतली आणि एका लयीत बोलायला सुरुवात केली. कोण आलाय, कुठून आलाय, कशासाठी आलाय, त्याला सांभाळून घ्या. बाकीच्यांनी ओंजळ पोकळ करून टाळ्या वाजवल्या. याला इथं सेवुसेवु म्हणतात. मला त्या क्षणी आमच्या देवळातलं गाऱ्हाणं ऐकू आलं. समोर नारळ-विडा, गुरवाचा तोच चढता-उतरता सूर, आणि प्रत्येक वाक्याला माणसांचं "व्हय म्हाराजा!" भाषेचा एक शब्द समान नसताना माझ्या अंगावर काटा आला. मग लाकडी परातीतलं ते मातकट पाणी करवंटीतून आलं, मी ते एका दमात प्यायलो, जीभ बधिर झाली, आणि गप्पा सुरू झाल्या.

नवं गाव काही स्वर्ग नाही. बांधणाऱ्यांनी घरांच्या आराखड्यात स्वयंपाकघरच ठेवलं नव्हतं. बायकांनी घरामागे पत्रे आणि बांबूंची खोपटी उभी करून चुली मांडल्या. उतारावर पावसाचं पाणी घरांच्या पायाशी येतं. समुद्र आता दारात नसल्यामुळे मासेमारीला जायचं म्हणजे चालत जायचं. एका आजींनी मला सांगितलं की इथं झोप शांत लागते, पण सुरुवातीला लाटेचा आवाज नसल्यामुळे ती लागतच नव्हती.

मी त्यांना विचारलं, एवढं मोठं गाव हलवताना सगळ्यात अवघड काय होतं? मला वाटलं होतं, पैसा म्हणतील. प्रमुखानं आधी जुन्या घरांबद्दल, तिथं जन्मलेल्या माणसांबद्दल सांगितलं, बराच वेळ सांगितलं. मग तो म्हणाला की जागा मात्र अवघड गेली नाही, वरची जमीन आमचीच होती. एवढं सांगून त्यानं मला सहज विचारलं, "तुमचं गावही समुद्राकाठचं ना? तुमच्याकडे वरची जमीन कुणाची?"

मी तेव्हा अभिमानानं म्हणालो होतो, आमचीच.

ही "आमचीच" जमीन फिजीत कशी राहिली, ते सांगायला हवं. 10 ऑक्टोबर 1874 रोजी फिजीच्या सरदारांनी बेटं ब्रिटिशांच्या स्वाधीन केली. पुढच्याच वर्षी गोवराच्या साथीत चाळीस हजारांच्या आसपास माणसं मेली. अशा खचलेल्या देशात पहिला पूर्णवेळ गव्हर्नर आर्थर गॉर्डन आला आणि त्यानं मूळ फिजियनांच्या जमिनी विकायला बंदी केली. आजही देशातली जवळपास 87 टक्के जमीन मातांगालींच्या, म्हणजे आपल्या भावकीसारख्या गटांच्या मालकीची आहे. ती भाड्यानं देता येते, विकता येत नाही. मातांगालीतल्या माणसांची नोंदवही असते आणि मूल जन्मलं की त्याचं नाव तिच्यात चढतं. जमीन, तिच्यावरची माणसं आणि त्यांची रीत या तिन्हींना मिळून इथं एकच शब्द आहे, वानुआ. आपण "गाव करील ते राव करील का" म्हणतो तेव्हा त्यातला गाव थोडाफार असाच असतो.

पण याच गोष्टीची दुसरी बाजू मी रोज बघतो, आणि ती झाकून मी फिजीचं कौतुक करणार नाही. गॉर्डननं फिजियनांना त्यांच्या गावांत राहू दिलं, पण मळेवाल्यांना मजूर तर हवेच होते. ते कुठून आणले? हिंदुस्थानातून. 14 मे 1879 ला कलकत्त्याहून लिओनिडास जहाज फिजीतल्या लेवुका बंदराला आलं, आणि 1916 पर्यंत साठ हजारांवर माणसं गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, इथं आली. त्यांची पोरं-नातवंडं ऊस लावत राहिली ती भाड्याच्या जमिनीवर. 1997 पासून तीस-तीस वर्षांचे भाडेपट्टे संपायला लागले आणि हजारो कुटुंबांना शेत सोडावं लागलं. सुवात माझ्या शेजारी राहणारे काका लांबासा भागातले. त्यांनी मला एकदा हातानं मापं दाखवत सांगितलं की पट्टा संपला तेव्हा वडिलांनी घराचे पत्रे, चौकटी, खिळेसुद्धा काढून ट्रकमध्ये घातले. खिळे सरळ करायचं काम त्यांच्याकडे होतं. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. चार पिढ्या राबूनही ती माती त्यांची झाली नाही. ज्या कायद्यानं वुनिंदोंगोलोआला वर जायला जागा ठेवली, त्याच कायद्यानं यांना बेघर केलं.

म्हणून मी असं म्हणत नाही की कोकणात फिजीसारखा कायदा आणा. आपल्याकडे कूळकायद्यानं ज्याच्या हातात नांगर त्याच्या नावावर जमीन आली, ते फार मोलाचं आहे आणि मला ते बदलायला नको आहे. "परप्रांतीयांना जमीन देऊ नका" या घोषणेतही माझा जीव रमत नाही. मी स्वतः अकरा वर्षं दुसऱ्यांच्या देशात भाड्यानं राहतोय.

माझं म्हणणं एवढंच आहे की बंधारा आणि सडा यांचा विचार एकत्र करा. बंधाऱ्यानं काही वर्षं मिळतील, जरूर मागा. पण फिजीत मी जिथं जिथं बंधाऱ्याच्या मागे राहणारी माणसं पाहिली, तिथं पुढचा प्रश्न उरलेलाच होता. सुवाहून तासा-दीड तासावर तोंगोरू नावाची वस्ती आहे. तिथलं कब्रस्तान आता समुद्रात आहे. भरतीला थडगी पाण्याखाली जातात, ओहोटीला पाण्यातून वर दिसतात. सरकारनं पुढेमागे हलवावी लागतील अशा बेचाळीस गावांची यादी केली आहे. कादावूजवळच्या ओनो बेटावर नारिकोसो गावातली फक्त सात घरं 2020 साली मागे गेली, बाकीचं गाव किनाऱ्यालाच आहे. म्हणजे वरची जमीन असली तरी हलणं सोपं नाही. आणि नसेल तर?

आपल्याकडे किनाऱ्याच्या गावांची रचना बघा. खाली पुळण, मग माडांची बाग, मग घरं, मग चढण, आणि वर सडा. खालची जागा आजोबांनी जिवापाड जपली, कारण ती पिकते. वरचा कातळ कुणी मोजत नव्हतं. आज नेमकं उलटं झालंय. समुद्र दिसतो म्हणून कातळाला भाव आहे, प्लॉट पडतायत, चिऱ्याची कुंपणं उभी राहतायत. उद्या खळ्यात कायमचं पाणी आलं, तर आमच्या पुतण्यांनी ज्या वाटेनं वर जायचं ती वाट कुणाच्यातरी फाटकाशी थांबणार आहे. तेव्हा जागा मागायला सरकारच्या दारात उभं राहावं लागेल, आणि दरडीखाली गेलेल्या वाड्यांच्या पुनर्वसनाला किती वर्षं लागतात ते आपण पाहिलेलं आहे. माळीणची दरड 2014 ची, म्हणजे केनानीत माणसं राहायला गेली त्याच वर्षीची. त्यानंतर 2021 ला तळिये झालं, 2023 ला इर्शाळवाडी. तिथं दरड आधी कोसळली आणि जागा नंतर शोधली. वुनिंदोंगोलोआची माणसं जिवंतपणी, भांडीकुंडी घेऊन, आपल्या पायांनी चालत वर गेली.

जिल्हाधिकाऱ्यांना गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार महसूल कायद्यात आहे. बंधाऱ्याच्या निवेदनासोबत दुसरं निवेदन द्या, सड्यावर गावठाण विस्तार मागा. आणि ज्या भावक्यांकडे वर जमीन आहे त्यांनी विकण्याआधी घरटी दोन-तीन गुंठे तरी बाजूला काढून ठेवावेत. वाटेसकट, विहिरीसकट. बाकीची खुशाल विका. मुंबईत भावाच्या मुलीच्या शिक्षणाला पैसे हवे आहेत, हे मला कळतं. सुवात बसून त्याला "विकू नको" म्हणायचा मला काही अधिकार नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. काही जणांनी नुसता अंगठा दाखवला. एकानं लिहिलं, तुझ्या फिजीत ठीक आहे, इथं समुद्र काही आजचा नाही. मग रात्री उशिरा काकीचा आवाजातला मेसेज आला. ती कधी ग्रुपवर बोलत नाही. "समुद्र येतलो, जातलो, ता माका म्हायत हा," ती म्हणाली. "पण घर वर नेऊक जागा व्हयी ना रे? ती विकून बसलास तर जातलास खंय?"

दुसऱ्या दिवशी मी थोरल्या चुलतभावाला फोन केला. साडेचार एकरांतून, पाणंदीला लागून असलेला एक एकर सगळ्यांच्या नावानं वेगळा ठेवायचा, नकाशावर तसा पोटहिस्सा पाडून घ्यायचा, मग मी सही देतो, असं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, गिऱ्हाइकाला पाणंदीकडचाच भाग हवाय, पण विचारून बघतो. कुलमुखत्यारपत्राचा मसुदा माझ्या टेबलावर आहे. इथल्या भारतीय उच्चायुक्तालयातून तो साक्षांकित करून घ्यावा लागतो. मी अजून वेळ घेतलेली नाही.